सरकी काही खाईना

“हलू नको म्हनलं ना लेका, हलू नको. तुह्या बुडाखाली सरकी हाय.”

मोठीमाय कापसाच्या खोलीच्या दारात उभी राहून ओरडत होती आणि तिचा आवाज असा, की दारव्ह्याच्या बाजारात उभ्या बैलांनी माना वर केल्या असतील. आमचं गाव दारव्ह्यापासून दोन कोस, त्यामुळे बैलांना विचारून घेता आलं नाही. मी तर हलत नव्हतोच. हलायला पाय लागतो, आणि माझा उजवा पाय गुडघ्याखाली अशा दिशेला वळला होता की तिकडे जायचा विचारही मी आयुष्यात कधी केला नव्हता. नाकात कापूस, तोंडात कापूस, डोळ्यांपुढे चांदण्या, आणि मांडीखालून एक बारीक चिरका आवाज. आधी मला वाटलं तो माझाच आहे. मग माझाही सुरू झाला, तेव्हा दोन्हींतला फरक कळला.

झालं होतं असं. वेचणी सुरू झाली की कापूस आमच्या घरातच येऊन पडे. एक अख्खी खोली त्याची. आधी तो दारापर्यंत येई, मग खिडकी बुजवी, मग आढ्याला टेकायला निघे, आणि मग माणसं आपली अंथरुणं उचलून सपरीत, म्हणजे ओसरीवर, निजायला जात. घरभर त्याचा उबट तेलकट वास. कानात तंतू, पाण्याच्या लोट्यात तंतू, वरणात तंतू. आमच्याकडे पाहुणा जेवून उठला की त्याच्या मिशीला लटकलेल्या कापसात एका दिव्याची वात सहज झाली असती. त्या ढिगात आढ्यावरून उडी मारायची यासारखं सुख मी पुढे सगळ्या आयुष्यात पाहिलं नाही, आणि म्हणूनच उडीला घरात सक्त मनाई होती. त्या दिवशी मी शाळेत असताना बाबांनी दोन बंड्या, म्हणजे बैलगाड्या, भरून कापूस दारव्ह्याला नेला होता. भिंतीकडेचा ढीग तसाच उंच उभा होता, मधला मात्र उपसला होता, आणि तिथे उरलेल्या हातभर थराखाली पेरणीपासून ठेवून दिलेला वखर आडवा पडला होता. आढ्यावरच्या अंधारातून हे काही दिसत नाही. मी उडी घेतली. हवेत किती वेळ होतो ते नक्की सांगता यायचं नाही, पण निघताना माझं जेवण झालेलं होतं आणि पोचताना भूक लागली होती. पाय वखराच्या दांडीवर आपटला. बाकीचा मी सरकीवर.

सरकी ही मोठीमायची मांजर. पांढऱ्या अंगावर कापसातल्या बीएवढे काळे ठिपके, म्हणून सरकी. आणि मोठीमाय म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा फार लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, आणि तेव्हापासून आमच्या घराची चूल तिच्या ताब्यात होती. माझी माय तिच्या हाताखाली पीठ मळे आणि पदराआड हसे. बाबा गावात कुणाचं ऐकायचे नाहीत, पण मोठीमाय समोर आली की टोपी सरळ करायचे. तिनं गुरू केला होता. मटण-मासळीचं सोडाच, घरात अंड्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. गणितात शून्य मिळालं की वही तिच्यापुढे उघडायला मी भ्यायचो. मार्कांमुळे नव्हे, आकारामुळे. सरकीसुद्धा त्याच शिस्तीत वाढलेली. दूधभाकर खाई, वरणात कालवलेला भात खाई, पोळ्याला पुरणपोळीचा तुकडा खाई. ती उंदीर मारते पण तोंडाला लावत नाही, असं मोठीमाय चारचौघांत सांगत असे. अर्धा उंदीर दारात सापडला की उरलेला अर्धा कुठे गेला, हे विचारायची हिंमत कुणात नव्हती.

बाबा दारव्ह्याहून परतले ते तसेच उलट पावली बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेले आणि रामधनला घेऊन आले. रामधन हाडवैद्य. माणूस, बैल, बकरी, ज्याचं म्हणून हाड मोडतं त्या सगळ्यांचा तो एकच डॉक्टर. काळा, सुकलेला, बोटं अशी की वाटावं प्रत्येक बोटाला एक जास्तीचं पेर आहे. तो डोळे मिटून पाय चाचपायचा आणि आत काय झालंय ते हातानं वाचायचा. पिशवी खाली ठेवून तो माझ्याकडे वळला, तर मोठीमाय आडवी आली.

“आंधी मांजराचं पाह्य.”

“याडी, पोराचं हाड बाहीर याले करून राह्यलं,” रामधन म्हणाला. तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई.

“त्यानं सवताच्या हातानं केलं. तिनं काय केलं? ते झोपून व्हती.”

मग रामधननं आधी सरकीला घेतलं. तिचा मागचा पाय मोडला होता. त्यानं बांबूच्या चार कामट्या चाकूनं तासून आगकाडीएवढ्या केल्या, पायाभोवती लावल्या, चिंधीनं बांधल्या. सरकीनं त्याच्या मनगटाला तीन ठिकाणी ओरबाडलं, त्यानं हूं की चूं केलं नाही. माझा पाय त्यानं ओढला तेव्हा मात्र मी जी किंकाळी फोडली ती अजून यवतमाळच्या आसपास कुठेतरी फिरत असेल. मग तो आणि बाबा गोठ्यामागे गेले आणि बऱ्याच वेळानं एक पितळी डबा घेऊन आले. डब्यात पिवळट, चिकट, ताणला जाणारा लेप. आधी लेप, मग त्यात भिजवलेल्या पट्ट्या, मग कामट्या, आणि वरून पुन्हा लेप, भिंत सारवावी तसा.

“कायचा लेप हाय हा?” मोठीमायनं विचारलं.

“जंगलातला.”

“जंगलातला कायचा?”

“पाला हाय, उडदाचं पीठ हाय, अन् मंग बाकी दवा.”

“तं मांजराले काहून नाही लावला?”

रामधननं बाबांकडे पाहिलं. बाबांनी टोपी सरळ केली. “जनावराले सुकंच बांधते, याडी,” रामधन म्हणाला, आणि हात धुवायला निघून गेला. पंधरा दिवसांनी येतो, तोवर लेपाला धक्का लागू देऊ नका, पाय त्याच्याच जोरावर सरळ राहणार आहे, एवढं मात्र त्यानं तीनदा बजावलं.

खाटेवर पाय लोंबतो म्हणून माझी गादी मधल्या खोलीत जमिनीवर घातली. शेजारी एका टोपल्यात जुनं लुगडं घालून सरकीला ठेवलं. दोघांचे पाय एकाच दिशेला. गावातली माणसं बघायला येत ती आधी टोपल्यात वाकून पाहत आणि मग माझ्याकडे पाहून मान हलवत. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्या पायाचा दगड झाला. बोटानं वाजवला तर माठासारखा वाजे. मला बरं वाटत होतं, भूक सपाटून लागत होती, शाळा बुडाली होती, आणि माय लपवून गूळ-शेंगदाणे आणून देत होती. सरकीनं मात्र काही खाल्लं नाही.

पहिल्या दिवशी कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दुधात भाकर कुस्करून दिली, तिनं नाक पुढे केलं, लग्नात वरमाय आमटी पाहते तसं पाहिलं, आणि तोंड वळवलं. दुधात तूप घातलं. साय दिली. खवा आणला. मायनं तिच्यासाठी मऊ गोळाभात केला आणि वर फोडणीचं तेलसुद्धा घातलं; तो सगळा मलाच खावा लागला आणि मी तो दुःखी चेहऱ्यानं खाल्ला. बाबांनी पिंजऱ्यातला जिवंत उंदीर आणून टोपल्याजवळ सोडला. उंदरानं सरकीकडे पाहिलं, सरकीनं उंदराकडे पाहिलं, आणि मग तो तिच्या वाटीत चढून तिची दूधभाकर खाऊ लागला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पोट भरल्यावर त्यानं मिशा पुसल्या हे मात्र मी नंतर जोडलं.

मला दिवसभर दुसरं काम नव्हतं. मी तिच्याकडे पाहत पडायचो. इतकं जवळून आणि इतका वेळ मी तोवर कुणालाच पाहिलं नव्हतं. न खाणारं मांजर नुसतं पडून राहतं असं आपल्याला वाटतं, पण तसं नव्हतं. तिचे कान सारखे फिरत. वाटी आली की नाकपुडी हले, म्हणजे वास तर घ्यायचा होता. पाणी जिभेनं दोन-चारदा उचले, म्हणजे गिळता येत होतं. मग अडत कुठे होतं? मी तिच्या टोपल्याची दिशा बदलायला लावली. वाटी बदलून द्रोण ठेवला. दूध गरम, कोमट, गार असं तीनदा देऊन पाहिलं. त्यात कोमट दुधाला ती जरा जास्त वेळ हुंगते हे माझ्या लक्षात आलं. परवाच माझ्या नातीचा नागपुरातून फोन आला होता. तिचं मांजर गॅलरीतून पडलं, डॉक्टरनं त्याच्या गळ्यात कर्ण्यासारखं काहीतरी अडकवलंय, आणि खात नाही. ती रडत होती. मी म्हणालो, बाई, खाणं कोमट करून दे आणि तू तिथून ऊठ. तिला वाटलं हे मी मोबाईलवर वाचलं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या शेवंताकाकू आल्या. त्या दुसऱ्याच्या घरी फक्त वाईट बातमी घेऊन यायच्या आणि ती नसली तर तिथेच तयार करायच्या. टोपल्यात पाहून म्हणाल्या, “मेलं तं काशीले सोन्याचं मांजर द्या लागते बरं. ज्याच्या हातून मेलं त्याले.”

“केवढं?” मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“जेवढं मांजर तेवढं.”

“म्हंजे आताच्या वजनाचं, का पडलं तवाच्या? आता ते सुकली हाय.”

मायला हसू आवरेना म्हणून ती आत गेली. मोठीमाय हसली नाही. तिनं वाटी उचलली, तिच्यातलं दूध ओतून टाकलं, आणि चुलीपुढे जाऊन बसली. त्या संध्याकाळी तिनं सगळ्यांना वाढलं आणि आपलं ताट घेतलं नाही. बाबांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, “ते खाईन तवा मी खाईन.”

मोठीमाय दोन वेळा मिळून पाच भाकरी खाणारी बाई. उन्हात वेचणी करून, आल्यावर चूल पेटवणारी. ती जेवत नाही म्हटल्यावर घरात जेवण हा प्रकारच अवघड होऊन बसला. वांग्याच्या भाजीचा वास आला तरी अपराध्यासारखं वाटे. बाबा भिंतीकडे तोंड करून जेवत. ठेचा खाताना कुणी सुस्कारा टाकला तरी सगळे त्याच्याकडे पाहत. पाचव्या दिवशी सकाळी ती माझा पाय दाबायला बसली, कारण रोज सकाळी लेपाच्या वरचा आणि खालचा भाग ती दाबून देत असे. चिडली असती, बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “दिन्या, दुखून राह्यलं का?” मी नाही म्हणालो. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. काशीच्या मांजराची नव्हे. हे मांजर मेलं तर ही बाई किती दिवस अशीच बसेल, आणि मग माझ्याकडे पुन्हा कधी मायेनं पाहील का, त्याची.

त्याच दुपारी सगळे वेचणीला गेले होते. मोठीमायसुद्धा गेली, उपाशीच. घरात मी, सरकी, आणि उरलेला कापूस. मी सरपटत तिच्याजवळ गेलो, कोमट दुधाची वाटी हातात धरून तिच्या नाकाशी नेली. तिनं पंजा मारला. वाटी उलटली आणि दूध सगळं माझ्या नडगीवर, लेपावर सांडलं. पुसायला हाताशी काही नव्हतं. मी तसाच आडवा झालो आणि छताकडे पाहत पडलो. थोड्या वेळानं पायावर काहीतरी खरखरीत चाललंय असं वाटलं. पट्टीतून मुंगी शिरली असेल म्हणून मान उचलली, तर सरकी. टोपल्यातून बाहेर आलेली, बांधलेला पाय मागे ओढत आणलेला, आणि माझ्या नडगीवर पुढचे दोन पंजे ठेवून ती लेप चाटत होती.

आधी वाटलं दूध चाटतेय. पण दूध तर जमिनीवरही होतं, त्याच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. दुधानं जिथे लेप मऊ झाला होता तिथूनच ती चाटत होती, दातांनी बारीक कपचे उचलत होती, चावत होती. पाच दिवसांत पहिल्यांदा तिच्या जबड्याचा आवाज आला. मी श्वास घेतला नाही. पाऊण तास घेतला नसेल. मग ती थांबली, तोंड पुसलं, आणि माझ्या पायाला टेकून झोपली.

लेपात असं काय आहे, हे मला कळेना. मी एक कपचा काढून स्वतः खाऊन पाहिला. मातीसारखा, जरासा खारट, उडदाचा, आणि मागून एक वेगळाच वास जो मला ओळखू येत नव्हता कारण आमच्या घरात तो कधी आलाच नव्हता. संध्याकाळी मी वाटीत दूध घेतलं, नखानं खरवडलेला लेप त्यात कालवला, आणि टोपल्यात ठेवला. मोठीमाय वावरातून आली तेव्हा वाटी स्वच्छ होती आणि सरकी पंजा चाटत होती.

मोठीमायनं ती वाटी उचलून उजेडात धरली. मग चुलीपाशी गेली, भाकर थापली, आणि झुणक्याबरोबर दोन भाकरी खाल्ल्या. पुढल्या सगळ्या काळात मी मोठमोठ्या लग्नांत जेवलो आहे, पण त्या संध्याकाळी दाराच्या फटीतून तिला जेवताना पाहून जसं पोट भरलं तसं कुठे भरलं नाही.

दुसऱ्या दिवशी नुसतं दूध दिलं, सरकीनं तोंड लावलं नाही. लेप घालून दिलं, खाल्लं. मी हे चारदा करून पाहिलं, चारही वेळा तसंच. म्हणजे प्रश्न सुटला होता आणि दुसरा उभा राहिला होता. माझ्या पायावर लेप होता तो गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत, आणि तिला रोज दोन बोटं लागत होती. रामधनचे शब्द माझ्या कानात होते: पाय त्याच्याच जोरावर सरळ राहणार. पाय माझा होता, मांजर मोठीमायचं होतं, आणि दोघांना पाडणारा मी. आजही जिना उतरताना माझा उजवा पाय जरा बाहेर पडतो. लोक विचारतात तेव्हा मी त्यांना टिपेश्वरच्या जंगलातल्या वाघाचं सांगतो, कारण वाघाची गोष्ट लवकर संपते.

बाबा तंबाखू घ्यायला दुपारी घरी आले तेव्हा मी त्यांना गाठलं.

“बाबा, लेपात काय हाय?”

“दवा.”

“मांजर खाते अशी कोनती दवा?”

“कोनतं मांजर?”

मी पांघरूण बाजूला केलं. वरच्या कामट्या उघड्या पडल्या होत्या, बुजगावण्याच्या बरगड्यांसारख्या. बाबा खाली बसले. दाराकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, देवाच्या कोनाड्याकडे पाहिलं, आणि आवाज इतका बारीक केला की मला त्यांच्या मिशीवरूनच समजून घ्यावं लागलं.

“अंडी. सात. मीच आनली तांड्यावरून, धोतराच्या सोग्यात लपवून. रामधन म्हनते, हाड त्याच्यानंच धरते.”

मी माझ्या पायाकडे पाहिलं. ज्या घरात शून्याची वही उघडत नव्हती, त्या घरात मधल्या खोलीत, देवाच्या कोनाड्याखाली, मी सात अंडी पायावर घेऊन आठवडाभर पडलो होतो, आणि मोठीमाय रोज सकाळी तोच पाय दाबून त्याच हातानं स्वयंपाकाला जात होती.

“मोठेमायले मालूम झालं तं?”

“तं ते तुले पायासकट उकिरड्यावर ठेवीन. अन् मले तुह्या बाजूले.”

“मंग सरकीले देऊ का नको?”

बाबांनी तंबाखू मळली, पुन्हा मळली. त्यांच्या डोक्यात एका पारड्यात माझा पाय आणि दुसऱ्यात वहिनी असणार. शेवटी म्हणाले, “थोडं थोडं दे.”

मी थोडं थोडं दिलं. इकडे मोठीमायची कीर्ती गावभर झाली. आपण अन्न सोडलं आणि मांजरानं तोंड लावलं, असं तिनं विहिरीवर एकदाच सांगितलं, आणि बायकांनी ते शंभरदा केलं. कुणाचं वासरू दूध पीत नव्हतं, त्यासाठी तिनं एक दिवस उपास करावा म्हणून लोक आले. शेवंताकाकूंनी तर आपल्या न जेवणाऱ्या नातवासाठी दोन दिवसांची गळ घातली. मोठीमाय कुणाला हो म्हणाली नाही, पण तिची चाल बदलली होती. सरकीला ती मांडीवर घेऊन बसे आणि म्हणे, “गुरूनं आयकलं बाप्पा.” मी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेई, आणि सकाळी ती पाय दाबायला आली की आता दुखत नाही म्हणून परत पाठवी. सरकीच्या अंगावर मांस चढत होतं, ती तीन पायांवर घरभर फिरत होती, आणि माझा पाय दिवसेंदिवस बारीक होत चालला होता.

पंधराव्या दिवशी रामधन आला. सगळे जमले. त्यानं पांघरूण उचललं आणि तो उकिडवा बसला तसाच राहिला. कामट्या एका पट्टीवर लोंबत होत्या. लेप घोट्यापाशी फक्त चार बोटं उरला होता.

“हे कोनं खाल्लं?” तो म्हणाला.

मी तोंड उघडलं. माझ्याकडे तीन गोष्टी तयार होत्या, त्यातली मुंग्यांची सगळ्यात चांगली होती. पण मी सुरुवात करायच्या आत सरकी लंगडत आली, रोजच्या सवयीनं माझ्या पायाजवळ बसली, आणि सगळ्यांच्या देखत उरलेली चार बोटं चाटू लागली.

“लेप खाते?” मोठीमाय म्हणाली. “मांजर लेप काहून खाईन?”

रामधननं त्या पंधरा दिवसांत किती हाडं बांधली असतील आणि कुठल्या घरात काय बोलायचं नाही हे त्यानं किती लक्षात ठेवावं. तो सरकीचा पाय चाचपत होता, डोळे मिटलेले होते. तसाच म्हणाला, “अंड्याचा हाय तं खाईनच ना, याडी.”

बाबा आढ्याकडे पाहू लागले. माय पदर तोंडाशी नेता नेता थांबली. बाहेर बंडीच्या बैलाची घंटा वाजली तीसुद्धा हळू वाजली असं मला वाटलं.  मोठीमायनं आपले दोन्ही तळहात समोर धरले आणि पाहिले. मला वाटलं आता ती ओरडेल, आणि दारव्ह्याचे बैल पुन्हा माना वर करतील. तिनं फक्त विचारलं, “किती व्हते?”

“सात,” रामधन म्हणाला. तेव्हा त्यानं डोळे उघडले, आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं.

मोठीमाय उठून विहिरीवर गेली. डोक्यावरून पाणी घेतलं, ओल्या लुगड्यानं आत आली, चूल सारवली, सगळी भांडी बाहेर काढून राखेनं घासली.  रामधननं माझा पाय धुतला, चाचपला, आणि बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की हाड जरा हललं आहे, उद्या पुन्हा ओढून ताजा लेप बांधला तर पाय चालण्यापुरता होईल. नाही बांधला तर पोरगा जन्मभर काठीवर. मग तो सरकीच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाला, “हिचा मात्र झकास धरला.”

त्या संध्याकाळी सरकीला कोमट दूध दिलं. लेप नव्हता. तिनं हुंगलं आणि तोंड वळवलं. मी पुन्हा सरकवलं, तिनं पुन्हा वळवलं, आणि माझ्या धुतलेल्या पायापाशी येऊन तो कोरडा चाटून पाहिला. मोठीमाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. किती वेळची, कुणास ठाऊक. आम्हाला वाढून झाल्यावर ती चूल विझवून झोपायला गेली. तिनं ताट घेतलं नव्हतं.

सकाळी बाबा अंघोळ करून, टोपी घालून, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. उंबऱ्याच्या बाहेर. मोठीमाय पाठमोरी बसून डाळ निवडत होती. मी गादीवरून दोघांना पाहत होतो आणि सरकी माझ्या पोटावर होती. बाबांनी घसा साफ केला, एक पाय बदलून दुसऱ्यावर उभे राहिले.

“वयनी, म्या तांड्यावर जाऊन राह्यलो. रामधन सात अंडी आन म्हनते. आनू का?”

डाळीतला एक खडा तिनं उचलला, पाहिला, बाजूला टाकला.

“आठ आन.”